फायबरच्या पॅनेलमध्ये लपलेलं पाणी: थर्मल कॅमेरा काय दाखवतो आणि मायक्रोवेव्ह कुठे लागतो

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. बेळगावच्या उद्यमबागेत तुमचं फायबर ग्लासचं शेड आहे. पंपघरांची दारं आणि केबिनची छपरं तुम्ही सँडविच पॅनेलमध्ये बनवता: दोन्ही बाजूंना 3 मिमी फायबर, मध्ये पीयू (पॉलियुरेथेन) फोम. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे गेलेला माल पावसाळा संपला की परत येतो, वरची कातडी फोमपासून सुटलेली असते. नाणं वाजवून तुम्ही तपासणी करता, तरी काही पॅनेल निसटतात. मोबाईलला लावायचा थर्मल कॅमेरा घेतलात, हॅलोजन मारून बघितलंत, काहीच दिसलं नाही. आता मायक्रोवेव्हनं तापवून आतला दोष दिसतो असं वाचलंय आणि जुन्या ओव्हनमधला मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारा भाग, काढून वापरावा का, असं विचारताय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात आधी देतो. मॅग्नेट्रॉन काढू नका, ओव्हनचं दार उघडं ठेवून चालवायचा प्रयत्नही करू नका. आत सुमारे 4000 व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विजेचा साठा राहतो. उघड्यावर सोडलेल्या लहरी डोळ्यात गेल्या तर कळतसुद्धा नाही. डोळ्यातल्या भिंगाला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिथली उष्णता वाहून न्यायला काही नाही आणि मोतीबिंदू होऊ शकतो. शेडमध्ये चार पोरं काम करतात तुमच्याकडे, त्यांचाही विचार करा. बंद ओव्हनमध्ये लहान तुकड्यावर सुरक्षितपणे काय करता येतं ते पुढे सांगतो.

आता हॅलोजननं काही का दिसलं नाही, ते बघू. कॅमेरा वाईट आहे असं तुम्ही लिहिलंय. कॅमेऱ्याचा दोष थोडा आहे, पण मूळ कारण तुमच्या पॅनेलच्या रचनेतच आहे.

थर्मल कॅमेरा वस्तूच्या आत बघत नाही. पृष्ठभागावरून निघणारे साधारण 8 ते 14 मायक्रॉन तरंगलांबीचे अवरक्त किरण मोजतो आणि त्यावरून वरच्या पापुद्र्याचं तापमान सांगतो, बस्स. आतल्या दोषाचा पत्ता लागतो तो एवढ्यासाठी, की दोषामुळे उष्णतेची वाट अडते किंवा मोकळी होते आणि त्याचा परिणाम काही वेळानं वर उमटतो. दिव्यानं समोरून तापवलं की उष्णता आत जायला लागते. मध्ये हवेची फट आली तर ती तिथे तुंबते आणि वर गरम डाग दिसतो. पुस्तकात हेच चित्र असतं.

पण तुमच्या कातडीच्या मागे फोम आहे. हवेची उष्णतावाहकता सुमारे 0.026, पीयू फोमची साधारण 0.022 ते 0.03, एकक वॅट प्रति मीटर केल्विन. म्हणजे कातडी फोमला घट्ट चिकटलेली असली काय आणि सुटून मध्ये हवा भरली काय, उष्णतेला दोन्ही सारखेच. तिला तिथे भिंतच लागते. मग फरक दिसणार कशात? तुम्ही 1 लाखाचा कॅमेरा आणला असता तरी कोरडी सुटलेली कातडी फोमवर अशीच लपली असती. घन लॅमिनेटमध्ये, म्हणजे फायबरवर फायबर अशा 8-10 मिमीच्या मालात, हीच पद्धत चांगली चालते. तिथे फट म्हणजे खरोखर अडथळा असतो.

पाण्याची वाहकता मात्र 0.6 आहे, फोमच्या वीस पटीहून जास्त, आणि तापायलाही ते जड. त्यामुळे कातडीच्या मागे पाण्याचा थर असेल तर दिव्याखाली ती जागा आजूबाजूपेक्षा थंड राहते आणि हा फरक साध्या कॅमेऱ्यालाही दिसतो. आता हे बघा: तुमचा माल पावसाळ्यानंतरच परत येतो. कातडी आपोआप सुटत नाही. बोल्टच्या भोकातून, कापलेल्या कडेतून पाणी आत शिरतं, फोम आणि फायबरच्या मध्ये पसरतं, मग ऑक्टोबरचं ऊन पडलं की गडद रंगाचं पॅनेल 60 अंशांच्या वर तापतं, आतल्या वाफेचा दाब वाढतो आणि ती कातडी उचलते. तुम्ही जे शोधताय तो या गोष्टीचा शेवट आहे. शोधायचं ते पाणी. ते दिसायलाही सोपं आणि वेळेवर सापडलं तर पॅनेल वाचतंही.

सगळ्यात स्वस्त तपासणी कॅमेऱ्याशिवायची आहे. माल पाठवताना प्रत्येक पॅनेलचं वजन करा आणि आतल्या कडेवर रंगानं लिहा. परत आलं की पुन्हा वजन करा. 14 किलोचं दार 14.6 भरलं तर आत अर्धा लिटरभर पाणी आहे हे सांगायला यंत्र लागत नाही. आकडे लिहिताना शेजारी काय लिहिलंय ते मराठी आणि कन्नड दोन्हीत असू द्या. आपल्याकडे दिवसपाळीला एक आणि रात्रपाळीला दुसरा माणूस असतो, आणि खूण न कळल्यामुळे चांगला माल भंगारात आणि वाईट माल गाडीत गेलेला मी डोळ्यांनी बघितलाय.

वजन वाढलंय हे कळलं, आता पाणी कुठे आहे ते कॅमेऱ्यानं शोधा. तुम्ही दिवा चालू असतानाच फोटो काढलेत असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. त्या फोटोत दिव्याचं प्रतिबिंब, तुमच्या हाताचं प्रतिबिंब, सगळं मिसळलेलं असणार. जेलकोट, म्हणजे फायबरवरचा रंगीत थर, चकचकीत असतो. तापवायचं, दिवा बंद करायचा, तो बाजूला न्यायचा आणि मग बघायचं. किती वेळानं? ढोबळ हिशोब असा: खोलीचा वर्ग भागिले पदार्थाची उष्णता पसरवायची क्षमता. ग्लास फायबरसाठी ती सुमारे 0.2 चौरस मिमी प्रति सेकंद धरा. 3 मिमी कातडी म्हणजे 9 भागिले 0.2, साधारण 45 सेकंद. म्हणून दीड मिनिट एकसारखं तापवा, दिवा बंद करा आणि पुढची तीन मिनिटं दर दहा सेकंदांनी एकाच जागेवरून फोटो घ्या. कॅमेरा स्टँडवर, थोडा तिरका, म्हणजे तुमचं स्वतःचं गरम शरीर पॅनेलमध्ये दिसणार नाही.

याच हिशोबात 2 मिमी ॲल्युमिनियम घाला: त्याची क्षमता जवळपास 97. उत्तर येतं 0.04 सेकंद. मोबाईलचे बरेच कॅमेरे सेकंदाला 9 पेक्षा कमी चित्रं घेतात, ते एवढ्यात काय पकडणार? मात्र फायबरसाठी तुमचा कॅमेरा वेगाला कमी पडत नाही, हे लक्षात असू द्या.

हॅलोजनपेक्षा चांगला दिवा वर आहे. नोव्हेंबरातल्या स्वच्छ दिवशी पॅनेल उन्हात वीस मिनिटं ठेवा, सावलीत आणा आणि बघा. उन्हाइतकं एकसारखं तापवणं दिव्याला कधी जमत नाही. दिवसभर उन्हात उभं असलेलं छप्पर जागेवरच तपासायचं असेल तर सूर्य मावळल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं बघा. तेव्हा चित्र उलटं होतं: पाण्यानं दिवसभरात साठवलेली उष्णता सुटायला वेळ लागतो, म्हणून ओली जागा गरम दिसते. सकाळी तापताना थंड आणि संध्याकाळी निवताना गरम, अशी एकच जागा दोनदा सापडली की ती पाण्याचीच समजा. पाणी खाली बसतं हेही विसरू नका. दार उभं करून ठेवा आणि खालच्या कडेपासून बघायला लागा. आडव्या छपराला खालच्या बाजूनं बघा.

जुलैमध्ये मात्र हे प्रयोग करू नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ऊन नाही, सगळं एकाच तापमानाला, हवा दमट. घरातली ओल शोधायलासुद्धा लोक मला पावसाळ्यातच बोलावतात. कॅमेऱ्यात भिंत ओली दिसते कारण पाणी उडून जाताना ती गार होते, पण हवाच पाण्यानं भरलेली असेल तर उडणार काय? शहापूर-वडगावातल्या जुन्या घरांच्या भिंतींत मी ऑक्टोबरच्या वाऱ्यात जे बघितलं ते त्याच भिंतींत जुलैमध्ये दिसलं नव्हतं. खानापूर भागातल्या जांभ्या दगडाच्या भिंतीत तर आणखी अवघड. दगडच सच्छिद्र, ओल अंगभर पसरलेली, डागाला कडच नसते.

आता मायक्रोवेव्ह. दिवा पृष्ठभाग तापवतो आणि उष्णतेला आत चालत जावं लागतं. मायक्रोवेव्ह ग्लास फायबरमधून जवळपास सरळ आत जातात आणि ज्याला त्या शोषता येतात त्यालाच जागेवर तापवतात. 2.45 गिगाहर्ट्झला पाणी या लहरी फायबर आणि रेझिनपेक्षा साधारण शंभर पटीनं जास्त शोषून घेतं. म्हणजे कोरडं पॅनेल फारसं तापत नाही आणि आतलं चमचाभर पाणी आधी तापतं. मग ती उष्णता उलट आतून बाहेर येते आणि कॅमेऱ्यात गरम डाग उमटतो. याच गुणामुळे ही पद्धत फायबरमधली ओल, लाकडातलं पाणी, चिकट थराचे दोष अशा कामांत वापरली जाते. जमिनीत पुरलेले सुरुंग शोधण्यासाठीही तिच्यावर काम झालेलं आहे.

तुमच्या कामाला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. दिव्याखाली पाणी थंड दिसतं, मायक्रोवेव्हनंतर तेच पाणी गरम दिसतं. जिथे चिकटवायचा थरच पडला नाही, तिथे मायक्रोवेव्हनंतर जागा थंड असते, कारण तापायला तिथे काही नाही. एकाच जागेला दोन वेगवेगळ्या प्रकारे तापवून दोन चित्रं शेजारी ठेवली की आत पाणी आहे की रिकामी जागा, याचा निवाडा होतो. एका चित्रावरून मी आता कुणालाही लेखी अहवाल देत नाही.

ही सवय लागायला एक चूक कारणीभूत आहे. सुरुवातीच्या काळात एका कारखान्यासाठी लहान फायबर झाकणं बंद मायक्रोवेव्ह पेटीत तापवून तपासत होतो. दोन झाकणांत तीन-तीन गरम डाग दिसले, गोल, स्पष्ट. मी खात्रीनं सांगितलं की आत ओल आहे. त्यांनी कटर लावून दोन्ही कापली. आत फोम कोरडा, चिकटवणं उत्तम. मालकांनी कापलेला तुकडा माझ्या हातात दिला आणि काही बोलले नाहीत. तो तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे. नंतर तसंच तिसरं झाकण घेतलं आणि 90 अंश फिरवून ठेवलं. डाग पेटीत होते तिथेच राहिले. झाकण फिरलं तरी डाग फिरले नाहीत. ते डाग पेटीतल्या लहरींचे होते.

बंद पेटीत लहरी भिंतींवर आपटून परत येतात आणि एकमेकींत मिसळून काही जागी जोर धरतात, काही जागी मरतात. 2.45 गिगाहर्ट्झची लहर सुमारे 12 सेंमी लांब असते, त्यामुळे जोराच्या जागा साधारण 6 सेंमीच्या अंतरानं येतात. घरी बघायचं असेल तर ओव्हनमधली फिरती थाळी काढा, तळावर चार कच्चे उडदाचे पापड शेजारी शेजारी मांडा आणि अर्धा मिनिट चालवा. काही ठिकाणी पापड पांढरा फुललेला, काही ठिकाणी जसाच्या तसा. त्या पापडांचा फोटो काढून ठेवा, तुमच्या ओव्हनचा तोच नकाशा. त्या जागी दिसलेल्या कुठल्याही डागावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. दोष खरा असेल तर तो वस्तूबरोबर फिरतो.

प्रयोग करायचाच असेल तर असा करा. घरातला ओव्हन नको. जुना, धड दाराचा, फक्त शेडसाठी घ्या आणि त्यात पुन्हा अन्न गरम करू नका, रेझिनचा वास आणि वाफ राहते. परत आलेल्या पॅनेलचा तळहाताएवढा तुकडा घ्या, कडा एमसीलनं बंद करा. त्यात बोल्ट, रिबिट, धातूची जाळी काही नको. कार्बन फायबर अजिबात नको: कापलेल्या कडांवर ठिणग्या उडतात, आग लागते. कोपऱ्यात एक कप पाणी ठेवा, म्हणजे शोषायला काहीतरी राहील आणि मॅग्नेट्रॉनवर लहरी उलट येणार नाहीत. 8-10 सेकंद, जास्त नाही. 10 ग्रॅम पाणी 5 अंशांनी तापवायला सुमारे 210 ज्यूल लागतात आणि ओव्हन एका सेकंदाला 700-800 ज्यूल ओततो. कपानं बहुतेक उष्णता खाल्ली तरी उरलेली पुरते. जास्त वेळ ठेवलंत तर आतल्या पाण्याची वाफ होऊन चांगली कातडीसुद्धा तुम्हीच उचलाल. दार उघडल्याबरोबर तुकडा काढून लाकडी फळीवर ठेवा आणि मिनिटभर फोटो घेत राहा. मग तुकडा निवू द्या, 90 अंश फिरवा, तेच पुन्हा. एक तुकडा चांगल्या, कधी बाहेर न गेलेल्या पॅनेलचाही करा. चांगलं कसं दिसतं हे माहीत नसताना वाईट ओळखता येत नाही.

संपूर्ण दार किंवा छप्पर मायक्रोवेव्हनं तपासायचं असेल तर ते शेडमधलं काम नाही. त्याला लहरी बाहेर न सोडणारी खोली, लहरी एका दिशेनं सोडणारा हॉर्न अँटेना आणि गळती मोजायचं मीटर लागतं. ओव्हनसाठी मान्य असलेली गळतीची मर्यादा 5 सेंमी अंतरावर 5 मिलीवॅट प्रति चौरस सेंमी आहे, यावरून अंदाज घ्या की उघड्या शेडमध्ये आपण किती पटीनं पुढे गेलेलो असू. तुमच्या मालाला त्याची गरजही नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. वजन, ऊन आणि संध्याकाळचा फोटो एवढ्यात तुमचं पाणी सापडेल.

कोरडी सुटलेली कातडी राहिली, तिला नाणंच चांगलं. पण नाण्याऐवजी 50-60 ग्रॅमची गोल डोक्याची पितळी हातोडी घ्या आणि 3 सेंमीच्या चौकटी आखून वाजवा. फौंड्रीत मी शिकाऊ असताना आमचे मिस्त्री साखळीला कास्टिंग टांगून वाजवायचे आणि मान न वळवता म्हणायचे, "आवाज मोडलाय की रे ह्याचा, बाजूला ठेव." शेडमध्ये ग्राइंडर चालू असताना तो आवाज ऐकू येत नाही. तुमची पॅनेल निसटतात त्यातली निम्मी बहुधा तिथेच निसटत असतील. वाजवायचं काम जेवणाच्या सुट्टीत, सगळी यंत्रं बंद असताना करा.

दोन जणांनी खालच्या प्रतिक्रियांत कास्टिंगबद्दल विचारलंय, म्हणून थोडक्यात. ओतीव लोखंडातली ब्लोहोल, म्हणजे ओतताना अडकलेल्या हवेच्या पोकळ्या, मायक्रोवेव्हनं दिसणार नाहीत, धातू लहरी परतवतो. दिव्यानंही नाही, उष्णता इतक्या झटपट पसरते की खोल दोषाची खूण वर येईपर्यंत पुसली जाते, आणि घासलेला चकचकीत धातू किरणही फार कमी सोडतो. त्यासाठी रेडिओग्राफी किंवा अल्ट्रासॉनिकच. वरच्या तड्यांसाठी इंडक्शननं तापवून थर्मल कॅमेरा चालतो. आरसीसी स्लॅबचं खालचं प्लास्टर सुटलंय का हे बघायला कॅमेरा उत्तम, पण तिथे हिशोब तासांचा आहे: 5 सेंमी खोलीला साधारण एक तास. दोष खोलीच्या दुप्पट तरी रुंद हवा, नाहीतर तो दिसत नाही.

दिव्याच्या असमान तापण्यावर उपाय विचारणाऱ्यांसाठी: चित्रांच्या मालिकेतून तापमानाऐवजी बदलाचा उशीर, म्हणजे फेज, काढली की असमानता बरीच कमी होते. झेवियर माल्डाग आणि सर्जिओ मारिनेत्ती यांनी 1996 मध्ये ही पद्धत मांडली. रीतसर शिकायचं असेल तर इंडियन सोसायटी फॉर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंगच्या प्रशिक्षणाची चौकशी करा. शेड चालवणाऱ्या प्रत्येकानं पहिल्या पातळीचा अभ्यास तरी केलेला असावा असं मला मनापासून वाटतं.

आता मूळ दुरुस्ती. तुम्ही पाठवलेल्या फोटोत बिजागरीचा बोल्ट सरळ फोममधून गेलाय आणि भोवती फक्त सिलिकॉन लावलंय. सिलिकॉन दोन पावसाळे टिकत नाही. आधी बोल्टपेक्षा मोठं, 25-30 मिमीचं भोक एका कातडीतून पाडा, आतला फोम चमच्यानं खरवडून काढा, ती पोकळी रेझिन आणि बारीक कापलेल्या चॉप मॅटनं (काचेच्या तंतूंच्या चटईनं) भरा. सुकलं की त्या घट्ट गोळ्यातून बोल्टचं भोक पाडा. कापलेल्या कडांनाही तसंच, फोम 10 मिमी आत खरवडून रेझिननं बंद. एका दाराला पाऊण तास जास्त लागेल. येत्या मे महिन्यात जाणाऱ्या मालातली दहा दारं अशी करा, दहा नेहमीसारखी, सगळ्यांची वजनं लिहून ठेवा, आणि दिवाळीनंतर कणकुंबीला एक दिवस काढून वीसही पुन्हा काट्यावर घाला. काटा आणि कॅमेरा घेऊन मीही येईन.